सिस्टरच्या गोष्टीत कुणी मरत नाही

बारामतीत मी ज्यांच्या वरच्या खोलीत आठ वर्षं भाड्यानं राहिले, त्या आमच्या सिस्टरना गोष्टीत कुणी मेलेलं खपायचं नाही. खपायचं नाही म्हणजे अजिबात नाही. म्हातारा नको, मूल नको, खलनायक नको, गोठ्यातली शेळीसुद्धा नको. कादंबरी वाचता वाचता पुढं कुणीतरी जाणार असा त्यांना नुसता वास आला, की त्या पुस्तक मिटायच्या, चष्मा काढायच्या आणि लेखकाला चार शब्द सुनवायच्या. मग पेन घेऊन पुढची गोष्ट स्वतःच लिहून काढायच्या. त्यात सगळी माणसं धडधाकट राहायची आणि बहुतेक वेळा शेवटी जेवायला बसलेली असायची.

सिस्टर म्हणजे सरकारी नर्स. नोकरीची सगळी वर्षं इंदापूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर काढलेली. आधी एसटी आणि पायपीट, मग लुना. रिटायर झाल्यावर बारामतीत खाली दोन आणि वर एक अशा तीन खोल्या बांधून राहिल्या. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायच्या, 'सवड झाली नाही.' भाजीवाली, पोस्टमन, शेजारपाजारचे सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. इतकंच काय, सांगवीचा त्यांचा सख्खा भाऊही फोनवर 'काय सिस्टर, झालं का जेवण?' असंच विचारायचा. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा लाइटबिलावर वाचलं, आणि ते कुणा दुसऱ्याच बाईचं बिल आपल्याकडं आलंय असं समजून शेजारी देऊन आले.

खोली बघायला गेले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. गाव पळसदेव, आणि बारामतीच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाचं फॅट तपासायची नोकरी नुकती लागलेली. सिस्टरनी आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि मग विचारलं, शेवटचं पुस्तक कुठलं वाचलंस आणि त्यात रडू कुठं आलं? मी एका कादंबरीचं नाव ठोकून दिलं. बारावीच्या पुस्तकात तिचा उतारा होता. उताऱ्याच्या पुढं काय होतं असं त्यांनी विचारल्यावर माझी बोबडी वळली. मला वाटलं, गेली खोली. पण त्या म्हणाल्या, काही वाचलेलं नाही ते एका परीनं बरंच आहे, निदान काही वेडंवाकडं तरी वाचलेलं नाहीस. अट एकच घातली. महिन्याला एक पुस्तक वाचायचं आणि रविवारी सकाळी खाली येऊन ते त्यांना सांगायचं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हा काय नवा जाच.

त्यांचं वाचन म्हणजे बघण्यासारखा प्रकार होता. दुपारी व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची टाकायची, पाय मिठाच्या कोमट पाण्यात सोडायचे आणि पुस्तकातल्या माणसांना तपासायला घ्यायचं. तपासायलाच म्हणते मी. नर्सगिरी काही सुटली नव्हती. नायक दुसऱ्या प्रकरणात खोकला की ह्यांच्या कपाळाला आठी. चौथ्या प्रकरणात तो पुन्हा खोकला की ह्या मोठ्यानं, 'अरे, थुंकी तपासा त्याची!' लेखक काही थुंकी तपासायचा नाही. तो नायकाला नदीकाठी बसवायचा, पावसात भिजवायचा, प्रेमात पाडायचा. सिस्टर चरफडत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, 'औषधाचा कोर्स पुरा केला असता ना, तर पुढची दोनशे पानं लिहावी लागली नसती.' नायिकेला भोवळ आली तर तिचं हिमोग्लोबिन किती असेल याचा त्या अंदाज बांधायच्या. रागीट सासऱ्यांना बीपी असणार हे तर ठरलेलंच. मी हसायचे, पण पुढं पुढं मलाही तशी खोड लागली.

गोष्टींचा उपयोग त्या नोकरीतही करत. ही हकिगत मला त्यांच्या भावाकडून कळली. वस्तीवरच्या बाया लेकराच्या पहिल्या डोसाला यायच्या, पण लेकराला ताप आला की दुसऱ्याला फिरकायच्या नाहीत. सिस्टरनी शक्कल काढली. लस टोचून झाली की झाडाखाली बसून एक गोष्ट सुरू करायची आणि ऐन रंगात आली की पेटी बंद करून उठायचं. पुढचं पुढच्या डोसाला. बाया बरोबर महिन्यानं हजर व्हायच्या. एक बाई तर लेकरू घरीच ठेवून नुसती गोष्टीसाठी आली होती. तिला सिस्टरनी परत पाठवलं आणि ती येईपर्यंत बाकीच्या बाया ताटकळत बसल्या. साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, ह्या भागातलं लसीकरण एवढं चांगलं कसं? सिस्टर म्हणाल्या, 'उत्सुकता.' साहेबांना काही ते कळलं नाही.

पुस्तकांना शेवट लिहायचा नाद मात्र रिटायर झाल्यावरचा. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात, जिथं त्यांनी वाचन थांबवलं असेल तिथं, त्या आपली चार-सहा पानं घडी करून घालून ठेवायच्या. वर लिहायचं, 'यापुढील छापील मजकूर वाचला नाही तरी चालेल.' वाचनालयाचे ग्रंथपाल मुलाणीचाचा, शिस्तीचा माणूस. एक दिवस चार पुस्तकं पिशवीत घालून तावातावानं घरी आले. सिस्टरनी चहा टाकला. चाचांनी पुरावा म्हणून एक घडी उघडली, वाचून दाखवायला लागले, आणि वाचता वाचता थांबून म्हणाले, पण सिस्टर, ती एवढं सगळं झाल्यावर नवऱ्याकडं परत कशी काय जाईल? सिस्टर म्हणाल्या, तिला मूल आहे. चाचा म्हणाले, मूल घेऊन माहेरी जाईल की. तास-दीड तास भांडले. शेवटी तिला माहेरीही नाही आणि सासरीही नाही, अंगणवाडीत नोकरी लावून द्यायची असं दोघांचं ठरलं. ते पान सिस्टरनी तिथंच बसून बदललं. त्यानंतर चाचांनी घड्या काढणं सोडून दिलं. वाचनालयात लोक 'सिस्टरची प्रत आहे का' असं विचारायला लागले होते, असं ते स्वतःच मला सांगायचे.

त्यांच्या स्वतःच्याही कथा होत्या, डायऱ्याच्या डायऱ्या भरून. नव्या वर्षात कारखान्याच्या, खताच्या दुकानाच्या, औषध कंपन्यांच्या डायऱ्या लोकांच्या घरी येऊन पडतात, त्या सिस्टर हक्कानं मागून आणत. दर उन्हाळ्यात दिवाळी अंकांना दोन-तीन कथा पाठवायच्या आणि त्या साभार परत यायच्या. एका संपादकानं कळवलं होतं, भाषा चांगली आहे, पण कथेत काही घडत नाही. सिस्टर ते पत्र घेऊन वर आल्या, दम लागलेला. म्हणाल्या, 'बाई अडली होती. गाडी मिळाली. बाई वाचली, बाळ वाचलं. आणि हा म्हणतो काही घडत नाही.' मला चेष्टा सुचली. मी म्हटलं, सिस्टर, एक म्हैस तरी मारून बघा, छापतील. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, प्रयत्न केला गं मी. मी ती कथा बघितली. पहिल्या पानावर म्हैस आजारी पडली होती आणि तिसऱ्या पानावर जनावरांचा डॉक्टर मोटरसायकलवरून येत होता.

नोकरीत त्यांच्या हातावर किती जीव गेले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदाच विचारलं. त्यांनी पायाखालचं पाणी बदललं आणि रविवारचं पुस्तक वाचून झालं का म्हणून मलाच उलटं धारेवर धरलं. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि ते रविवार. सुरुवातीला मी परीक्षेला बसल्यासारखी गोष्ट सांगायचे. सिस्टर मधेच अडवायच्या. तो असं म्हणाला तेव्हा ती गप्प का बसली? तिला नेमकं काय वाटलं? मी म्हणायचे, ते पुस्तकात दिलेलं नाही. मग त्या म्हणायच्या, नसू दे, तुला काय वाटतं? असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं, शाळेत नाही आणि घरी तर नाहीच नाही. हळूहळू मला सवयच लागली. डेअरीत कुणी गप्प बसलं की वाटायचं, ह्याला काय झालं असेल. सुट्टीत पळसदेवला गेले की चुलीपुढं बसलेल्या आईकडं बघून वाटायचं, हिच्या मनात काय चालू असेल? पण आईला विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती, म्हणून तेवढ्यावरच राहायचं.

आईचं दुखणं निघालं ते त्या डिसेंबरात. मी तेव्हा सत्तावीसची. पोटात दुखतंय म्हणून दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, तिला बारामतीला आणलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून आम्हा दोघांना आत बोलावलं आणि सांगितलं, गाठ आहे, पसरली आहे, चार-पाच महिने धरून चला. बाहेर आई बाकावर बसून कुणा अनोळखी बाईचं मूल खेळवत होती. आम्ही तिला सांगितलं, अल्सर आहे, तिखट बंद कर. ती म्हणाली, 'बरं.'

वडील आधीच गेलेले, त्यामुळं सगळं दादावर. त्याला दुसरा घोर लागला. आमच्याकडं आईबापापैकी कुणी गेलं की घरातलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत झालं तर फारच चांगलं. दादानं धावपळ करून माळेगावचं स्थळ आणलं. मुलगा कारखान्यात कामाला. मी त्याला वीस मिनिटं पाहिलं. माणूस सरळ होता, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मला तेव्हा लग्नच करायचं नव्हतं. तरी मी हो म्हटलं, आईसाठी. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघणं ही तिची शेवटची इच्छा असणार, असं मी आणि दादा आपापलं धरून चाललो होतो. होळीच्या आधीची तारीख धरली. आईला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दर आठवड्याला दवाखाना, म्हणून आई बारामतीतच राहिली. जिना चढवेना, तेव्हा सिस्टरनी खालच्या पुढच्या खोलीत तिची कॉट घातली. अल्सरचं नाटक मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, मी होऊन काही सांगणार नाही, पण तिनं सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मी ते कबूल केलं, कारण आई सरळ काही विचारणारी बाई नव्हतीच.

मी दिवसभर डेअरीत. दुपारी सिस्टर आईला वाचून दाखवायला लागल्या. आई तिसरी शिकलेली, आणि खोट काढण्यात सिस्टरची मोठी बहीण शोभेल अशी. पहिल्या कादंबरीत मोठं घर, पियानो, गच्ची असलं काय काय होतं. आईनं विचारलं, एवढ्या मोठ्या घरात भाकरी कोण थापतं? सिस्टरनी पानं चाळली. पुस्तकभर कुणीच भाकरी थापत नव्हतं. आई म्हणाली, मग ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या पुस्तकाचंही तेच झालं. शेवटी सिस्टरनी एका खताच्या कंपनीची कोरी डायरी काढली आणि आईसाठी गोष्ट लिहायला घेतली. उजनी धरणाच्या पाण्याकडेला वस्तीवर राहणारी एक बाई. तिला नाव नव्हतं, नुसतं 'ती बाई'. रोज सकाळी दोन पानं लिहायची आणि दुपारी वाचायची.

आई खुलली. संध्याकाळी मी आले की दोघींची चढाओढ लागलेली असायची. आईच्या दुरुस्त्या असायच्या. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात कलिंगडाची आळी कशी करतात, म्हैस गाभण राहिली की ती कान कशी पाडते, मासे घेऊन बाजारला निघालेली बाई डोक्यावर पाटी कशी धरते. 'सिस्टर, तुमी शाळंत शिकलाय, पर हे तुमाला येत न्हाय,' असं आई म्हणायची आणि सिस्टर मुकाट्यानं खोडून लिहायच्या. माझ्या आईला कुणाची अशी चूक काढताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. ती आनंदात आहे म्हणून मीही खूश होते आणि लग्नाच्या साड्या बघत होते.

फेब्रुवारीत एका दुपारी डेअरीतलं यंत्र बंद पडलं आणि मी लवकर सुटले. घरी आले तर आई झोपलेली, सिस्टर कोपऱ्यावर दूध आणायला गेलेल्या आणि डायरी खुर्चीत उघडी. मी सहज उचलली. लिहिलं होतं, 'आपण आता फार दिवसांच्या सोबती नाही, हे त्या बाईनं ओळखलं होतं. पोरं मात्र तिला काही सांगत नव्हती.' माझं डोकं फिरलं. ज्या बाईनं आयुष्यात कथेतली शेळी मारली नाही, तिला नेमकी माझी आई सापडली? सिस्टर आल्या तशी मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात जेवढं बोलता येईल तेवढं वाईट बोलले. तुम्ही माझ्या आईला मारायला निघालात असंही म्हणाले. त्यांनी दूध तापत ठेवलं. ते वर येईपर्यंत ऐकून घेतलं, गॅस बंद केला आणि मग बोलल्या.

'मी गोष्टीतल्या त्या बाईला तीनदा बरी केली. तीनदा. तिच्या पोटात दुखतंय असं लिहा, असं तुझी आई म्हणाली, मी लिहिलं. मग तिला डॉक्टरकडं नेलं, औषध दिलं, बरी केली. तुझी आई म्हणाली, खोडा. पुन्हा बरी केली, पुन्हा म्हणाली, खोडा. तिसऱ्यांदा तिनं माझ्याकडं पाठ केली आणि ऐकायचंच बंद केलं.' त्यांनी दुधावर झाकण ठेवलं. 'तुझ्या आईला सगळं माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे, हेही तिला माहीत आहे. पोरांना सांगू नका म्हणते, मला कळलेलं नाही एवढंच त्यांना सुख आहे म्हणते. तिला बोलायचंय गं. तुमच्या अल्सरमुळं तिला बोलायला घरात जागाच राहिली नाही.'

मी ओट्याला टेकून उभी राहिले. सिस्टरनी डोळे पुसले आणि नेहमीच्या हुकमी आवाजात सांगितलं, उद्या अर्धी रजा टाक आणि दुपारी इथं येऊन बस.

दुसऱ्या दिवशी मी बसले, उंबऱ्याजवळ, सतरंजीवर. आईनं माझ्याकडं बघितलं. सिस्टरनी वाचायला सुरुवात केली. त्या बाईला एक लेक होती, शहरात नोकरी करणारी. बाई आजारी पडल्यावर भावानं लेकीचं लग्न घाईघाईनं ठरवलं. लेक हो म्हणाली. बाईला वाटलं, लेकीच्याच मनात आहे तर आपण कशाला मोडता घाला, म्हणून तीही हो म्हणाली. इथंवर वाचून सिस्टर थांबल्या आणि डायरी मांडीवर ठेवली. म्हणाल्या, 'ह्याच्या पुढं मला येईना. त्या पोरीच्या मनात काय आहे, मला कुठं ठाऊक?' मग माझ्याकडं वळल्या. 'तू सांग. ती पोरगी काय म्हणते?'

रविवारच्या सवयीनं मला वाटलं, हे पुस्तकात दिलेलं नाही असं म्हणावं. आई भिंतीकडं बघत होती. तिचे हात गोधडीवर होते, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागं सरकत होत्या इतके ते वाळले होते. मी म्हटलं, 'ती पोरगी म्हणते, मला आत्ता लग्न करायचं नाही. आईला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं.'

आईनं माझ्याकडं मान वळवली. मग सिस्टरना म्हणाली, 'लिवा. ती बाई म्हनली, माझ्या मरणाच्या घाईत माझ्या लेकीचं लगीन करू नका. तीन वर्सं थांबली तर थांबू द्या. म्हशीची धार काढायला बी मन लागतं, संसाराला न्हाय का लागायचं?'

सिस्टरनी लिहून घेतलं. त्या दुपारी आम्ही तिघी चार तास बोललो. सगळं त्या बाईबद्दल आणि त्या पोरीबद्दल. त्या बाईला दवाखान्यात जायचं नाही, आपल्या घरी जायचंय. त्या बाईचे डूल सुनेला द्यायचे, तिनं फार केलं. त्या पोरीला वाटतं, आपण आईजवळ कमी राहिलो. त्या बाईला तसं वाटत नाही. 'मी' असा शब्द तिघींपैकी कुणी काढला नाही, आणि तरी माझ्या आईशी मी एवढं कधीच बोलले नव्हते. चहा करायला उठले तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

शेवटी आई म्हणाली, आता तिला जाऊ द्या सिस्टर. पण ते काही सिस्टरना जमेना. चार दिवस डायरी पुढं सरकली नाही. त्या व्हरांड्यात पेन घेऊन बसायच्या आणि अचानक उठून डबे घासायला घ्यायच्या. पाचव्या दिवशी अर्धं पान लिहिलं. आईनं ते डोळे मिटून ऐकलं आणि त्यातही दुरुस्ती सांगितली. आमची वस्ती गावापासून बाजूला आहे, मधे ओढा. उजनी भरली की ओढ्यात पाणी चढतं आणि लोकांना लांबून वळसा घालून यावं लागतं. 'पाणी उतरल्यालं असू द्या,' आई म्हणाली, 'कुणाला हेलपाटा नको. समदी येळंवर पोचली असं लिवा.' सिस्टरनी तसं लिहिलं. मग आई म्हणाली, आता बरोबर झालं.

दादाला आईनं स्वतः बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसला, हातात मोटरसायकलची किल्ली. पंधरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही आणि सिस्टरना तर त्यानं घर फोडणारी बाई ठरवलं. माळेगावच्या मुलाला मी स्वतः फोन केला. तो म्हणाला, ठीक आहे, आईंना जपा. इतक्या सरळ माणसाला नकार देताना मला वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं.

मार्चमध्ये आईला पळसदेवला नेलं. दर आठ-दहा दिवसांनी सिस्टर एसटीनं यायच्या, सोबत इंजेक्शनची पिशवी. आधी दादा त्यांना बघून रानात निघून जायचा. मे महिन्यात तोच त्यांना फाट्यावर घ्यायला जायला लागला. आईनं डॉक्टरांचा हिशोब साफ चुकवला. चार महिने झाले, पाच झाले. आई गाळातली कलिंगडं बघून आली, पाऊस बघितला, उजनी भरताना बघितली. गौरी जेवायला घालून सुनेला पुरणाची चूकही काढून दाखवली. मी रजा काढून काढून थकले होते. आईनंच मला गणपतीनंतर बारामतीला पिटाळलं, नोकरी घालवू नको म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दादाचा फोन आला. आईचा श्वास बदललाय, निघ. मुलाणीचाचांनी मुलाला गाडी घेऊन पाठवलं. सिस्टर माझ्याशेजारी बसल्या, पिशवी मांडीवर. ओढ्यापाशी आलो तर वाटेवर कमरेइतकं पाणी. गाडी मागं घेतली आणि लांबच्या वाटेनं निघालो, चिखलात दोनदा रुतलो. सिस्टर वाटभर माझा हात धरून होत्या आणि एकदाही, पोचू आपण, असं म्हणाल्या नाहीत. आम्ही अंगणात उतरलो तेव्हा वहिनी दारात उभी होती. आईला जाऊन पाव तास झाला होता.

तेराव्यानंतर मी बारामतीला परत आले. सिस्टर व्हरांड्यात बसल्या होत्या आणि मांडीवर ती खताच्या कंपनीची डायरी होती. मला बघून म्हणाल्या, 'मी चुकीचं लिहिलं गं. पाणी उतरलेलं नव्हतं. आपण पोचलो नाही. दुरुस्त करू का?' पेनचं टोपण काढलेलं होतं. इतके दिवस त्या माझीच वाट बघत बसल्या असणार.

मी म्हटलं, नको. आईनं तेच ऐकलंय. मग मी पायरीवर बसले आणि म्हटलं, 'मलाही वाचून दाखवा.'

त्यांनी टोपण लावलं, चष्मा पदरानं पुसला आणि आईला वाचून दाखवायच्या त्याच आवाजात, सावकाश, ते अर्धं पान वाचलं. सकाळची वेळ होती. पाणी उतरलं होतं आणि ओढ्यातून सरळ वाट झाली होती. लेक बारामतीहून निघाली ती थेट दारात आली. बाईनं डोळे उघडले, तिला ओळखलं, जेवलीस का म्हणून विचारलं. सगळी वेळेवर पोचली.